वेग, वेळ, अंतर: समीकरण येतं कुठून?

प्रश्न असा आहे: समीकरण समोर ठेवलं तर सोडवता येतं, पण वेग-वेळ-अंतराचं शाब्दिक उदाहरण वाचलं की क्ष कशाला मानायचं आणि समीकरण कुठून आणायचं हे कळत नाही. दहावीसाठी आणि पुढे स्पर्धा परीक्षांसाठी उपयोगी पडेल अशी काही पक्की पद्धत आहे का?

आहे, आणि तिच्यासाठी अंतर = वेग × वेळ यापलीकडे एकही सूत्र पाठ करावं लागत नाही. बोटीचं सूत्र वेगळं, आगगाडीचं वेगळं, पाठलागाचं वेगळं असं सगळं पाठ करणारी मुलं परीक्षेत अडतात, कारण उदाहरण जरा वळवून विचारलं की यातलं कोणतं सूत्र लावायचं हाच नवा प्रश्न होऊन बसतो.

त्यापेक्षा वहीत तीन रकाने आखा: वेग, वेळ, अंतर. उदाहरणात जितके प्रवास तितक्या ओळी. जाणं ही एक ओळ, येणं ही दुसरी. दोन गाड्या असतील तर दोन ओळी. एकच गाडी आधी एका वेगाने आणि मग दुसऱ्या वेगाने गेली, तरी दोन ओळी. प्रत्येक ओळीत एक रकाना उदाहरणातल्या माहितीने भरा, दुसरा क्ष वापरून भरा, आणि तिसरा रकाना फक्त सूत्राने भरा. या तिसऱ्या रकान्याबद्दल उदाहरणात जे वाक्य न वापरता उरतं, तेच तुमचं समीकरण. पद्धत एवढीच. पुढचं सगळं ती नीट पाळण्याबद्दल आहे, कारण चुका तिथेच होतात.

साधं उदाहरण घेऊ. एकजण सायकलने शेजारच्या गावी ताशी १२ किमी वेगाने गेला आणि वारा समोरून असल्यामुळे ताशी ८ किमी वेगाने परतला. जाण्यायेण्यात एकूण ५ तास गेले. गाव किती दूर?

गावाचं अंतर क्ष किमी मानू. तक्ता असा होईल:

जाताना: वेग १२, अंतर क्ष, वेळ क्ष/१२
येताना: वेग ८, अंतर क्ष, वेळ क्ष/८

वेग उदाहरणातून आले, अंतर क्ष धरलं, वेळ सूत्राने लिहिली. अजून न वापरलेलं वाक्य कोणतं? "एकूण ५ तास". ते वेळेबद्दल आहे आणि सूत्राने भरलेला रकानाही वेळेचाच आहे. म्हणून क्ष/१२ + क्ष/८ = ५. लसावि २४ ने गुणलं की २क्ष + ३क्ष = १२०, म्हणून क्ष = २४ किमी. जायला २ तास, यायला ३ तास, बेरीज ५.

आता हेच दुसऱ्या बाजूने करून पाहा. जायला लागलेला वेळ क्ष तास मानला तर यायला (५ − क्ष) तास. इथे ५ तासांचं वाक्य वेळेचा रकाना भरण्यातच खर्च झालं. सूत्राने भरायचा रकाना अंतराचा: १२क्ष आणि ८(५ − क्ष). उरलेली माहिती कोणती? गाव तेच आहे, रस्ता तोच आहे. ही गोष्ट उदाहरणात कुणी उघड लिहीत नाही, पण ती माहितीच आहे. म्हणून १२क्ष = ४० − ८क्ष, २०क्ष = ४०, क्ष = २ तास, अंतर २४ किमी. अपूर्णांक आले नाहीत आणि छेदांची भानगडही झाली नाही. यातून एक कामाचा नियम निघतो: दोन्ही वेग माहीत असतील तर वेळेला क्ष मानणं बहुधा सोपं जातं, कारण अंतर काढायला गुणाकार लागतो आणि वेळ काढायला भागाकार. विचारलंय अंतर, म्हणून अंतरालाच क्ष मानलं पाहिजे असं बंधन कुठेही नाही. शेवटच्या ओळीत विचारलेली गोष्ट काढून दिली की झालं.

याच उदाहरणात सरासरी वेग विचारला तर पुष्कळजण १२ आणि ८ ची सरासरी १० लिहून मोकळे होतात. सरासरी वेग म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ: ४८/५ = ताशी ९.६ किमी. कमी वेगाने माणूस जास्त वेळ चालवत होता, त्यामुळे सरासरी ८ कडे झुकते. दोन्ही वेगांनी सारखाच वेळ प्रवास केला असता तरच १० बरोबर ठरलं असतं.

तक्ता भरताना एक गोष्ट कटाक्षाने टाळायची: एकच वाक्य दोनदा वापरणं. वरच्या उदाहरणात येतानाचा वेळ (५ − क्ष) लिहिला आणि मग समीकरण म्हणून पुन्हा क्ष + (५ − क्ष) = ५ मांडलं, तर हाती ५ = ५ लागतं. सोडवता सोडवता ० = ० किंवा क्ष = क्ष आलं की आकडेमोड तपासत बसू नका. उदाहरण पुन्हा वाचा आणि कोणतं वाक्य अजून वापरलेलंच नाही ते शोधा.

अज्ञाताला नाव देण्याबद्दलही थोडं. भास्कराचार्य पहिल्या अज्ञात राशीला यावत्तावत् म्हणत, म्हणजे "जितकं असेल तितकं", आणि पुढच्या अज्ञातांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं देत. आपल्याकडे क्ष आणि य आहेत. नाव कोणतंही चालेल, पण "क्ष = गाडी" असं लिहिणं ही खरी चूक आहे. "गाडीचा वेग ताशी क्ष किमी मानू" असं राशी आणि एकक यांच्यासह पूर्ण वाक्य लिहा. एकक लिहिलं की पुढच्या निम्म्या चुका आपोआप अडतात.

एककांचंच पुढचं उदाहरण. एक मुलगी ताशी ४ किमी वेगाने चालली तर शाळेत १० मिनिटं उशिरा पोहोचते, ताशी ५ किमी वेगाने चालली तर ५ मिनिटं लवकर. शाळा किती दूर? अंतर क्ष किमी. वेळा क्ष/४ आणि क्ष/५ तास. दोन वेळांतला फरक किती? इथे १० − ५ = ५ मिनिटं लिहिणारे पुष्कळ भेटतात. शाळेची घंटा शून्यावर ठेवून संख्यारेषा काढा: एक पोहोच घंटेच्या १० मिनिटं पलीकडे, दुसरी ५ मिनिटं अलीकडे. मधलं अंतर १५. एक उशिरा आणि एक लवकर असेल तर बेरीज. दोन्ही उशिरा किंवा दोन्ही लवकर असतील तर वजाबाकी.

आता क्ष/४ − क्ष/५ = १५ लिहिलं तर क्ष = ३०० येतं. तीनशे किलोमीटर चालत जायची शाळा नसते. डावी बाजू तासांत आहे आणि उजवी मिनिटांत, हे त्याचं कारण. १५ मिनिटं म्हणजे १५/६० = १/४ तास, म्हणून क्ष/२० = १/४ आणि क्ष = ५ किमी. ताळा: ताशी ४ किमी वेगाने ७५ मिनिटं, ताशी ५ किमी वेगाने ६० मिनिटं, आणि वेळेवर पोहोचायला ६५ मिनिटं. एक १० ने जास्त, दुसरी ५ ने कमी. जमलं.

मिनिटांचे तास करताना मराठी फार मदत करते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मुळातच अपूर्णांक आहेत. उत्तर २.२५ तास आलं की "दोन तास पंचवीस मिनिटं" लिहिणं ही नेहमीची चूक. ते मोठ्याने "सव्वादोन तास" असं म्हणा, म्हणजे २ तास १५ मिनिटं हे चुकणार नाही. ४५ मिनिटं म्हणजे पाऊण, म्हणजे ३/४. बाकीचे थोडे लक्षात ठेवावे लागतात: २० मिनिटं १/३, ४० मिनिटं २/३, १२ मिनिटं १/५, ४८ मिनिटं ४/५, ६ मिनिटं १/१०. ४० मिनिटांचे ०.६७ तास करू नका, २/३ च ठेवा. अशा न संपणाऱ्या दशांशात गेलात की उत्तर नेमकं जुळत नाही आणि आपली मांडणीच चुकली असं उगाच वाटत राहतं.

सगळ्यात जास्त गुण जातात ते दोन गाड्या वेगवेगळ्या वेळी निघतात तेव्हा. मुंबई सीएसएमटी ते पुणे हे रेल्वेचं अंतर १९२ किमी आहे. समजा, पुण्याहून एक गाडी सकाळी ७ वाजता ताशी ५६ किमी वेगाने मुंबईकडे निघाली आणि मुंबईहून दुसरी ७:४५ ला ताशी ४४ किमी वेगाने पुण्याकडे. त्या किती वाजता भेटतील? (प्रत्यक्षात कर्जत ते लोणावळा हा २८ किमीचा घाट आहे, चढ १:३७, वर जाताना मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात, तिथे वेग एकसमान राहत नाही. अशा उदाहरणांतले "एकसमान वेगाने" हे शब्द म्हणूनच महत्त्वाचे असतात. ते नसते तर हे सूत्र लावताच आलं नसतं.)

पुण्याच्या गाडीला भेटीपर्यंत क्ष तास लागले असं मानू. मुंबईच्या गाडीला किती? (क्ष + ३/४) की (क्ष − ३/४)? "पाऊण तास नंतर" यातला "नंतर" ऐकून हात आपोआप अधिक चिन्हाकडे जातो. म्हणून स्वतःला एवढंच विचारा: भेटेपर्यंत जास्त वेळ रुळावर कोण होतं? पुण्याची गाडी, कारण ती आधी निघाली. उशिरा निघालेलीला वेळ कमी मिळाला, म्हणून (क्ष − ३/४). घड्याळातली वेळ आणि प्रवासाला लागलेला वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तक्त्यात नेहमी दुसरी लिहायची. अंतरं झाली ५६क्ष आणि ४४(क्ष − ३/४). न वापरलेली माहिती: दोघींनी मिळून सगळा मार्ग कापला. ५६क्ष + ४४क्ष − ३३ = १९२, १००क्ष = २२५, क्ष = २.२५. सात वाजल्यापासून सव्वादोन तास, म्हणजे सव्वानऊ. ताळा: पुण्याची गाडी ५६ × २.२५ = १२६ किमी, मुंबईची ४४ × १.५ = ६६ किमी, बेरीज १९२.

पाठलागात हीच मांडणी चालते, फक्त शेवटचं वाक्य बदलतं. साताऱ्याची एसटी सकाळी ६ ला स्वारगेटहून ताशी ४५ किमी वेगाने सुटली. चुकलेला प्रवासी ६:४० ला मोटारीने ताशी ६५ किमी वेगाने मागे निघाला. बस कुठे गाठेल? बसचे क्ष तास, मोटारीचे (क्ष − २/३) तास. गाठणं म्हणजे दोघांनी एकाच ठिकाणापासून सारखंच अंतर कापणं: ४५क्ष = ६५(क्ष − २/३). २०क्ष = १३०/३, क्ष = १३/६, म्हणजे २ तास १० मिनिटं. सकाळी ८:१०, स्वारगेटपासून ९७.५ किमीवर. इथे थांबू नका. सातारा सुमारे ११० किमीवर आहे, म्हणून बस पोहोचायच्या आत गाठ पडते. मोटार आणखी उशिरा निघाली असती तर समीकरणाने उत्तर दिलंच असतं, पण ते ठिकाण साताऱ्याच्या पुढे आलं असतं, आणि बस तर साताऱ्यातच थांबलेली. असं उत्तर समीकरणात बसतं, रस्त्यावर बसत नाही.

समोरासमोर असताना वेगांची बेरीज आणि एकाच दिशेने असताना वजाबाकी, हा नियम जुना आहे, इ.स. ४९९ मधल्या आर्यभटीयात दोन ग्रहांच्या भेटीचा काळ काढण्यासाठी तो दिलेला आहे. तो वापरायला हरकत नाही, पण दोन्ही एकाच क्षणी चालत असतील तरच. वरच्या गाड्यांमध्ये थेट १९२/१०० केलं तर चुकेल, कारण पहिला पाऊण तास पुण्याची गाडी एकटीच धावत होती. तो पाऊण तास आधी वेगळा काढा: ५६ × ३/४ = ४२ किमी, उरले १५०, मग १५०/१०० = दीड तास, ७:४५ नंतर दीड तास म्हणजे पुन्हा सव्वानऊ. स्पर्धा परीक्षेत ही रीत जलद पडते.

आगगाडी आणि फलाट यांच्या उदाहरणांत गणित सोपं असतं, घसरायला होतं ते "अंतर" कशाला म्हणायचं यावर. खांब ओलांडताना गाडी स्वतःच्या लांबीएवढं अंतर जाते. फलाट ओलांडताना स्वतःची लांबी अधिक फलाटाची लांबी, कारण इंजिन फलाटाला लागल्यापासून शेवटचा डबा फलाट सोडेपर्यंत मोजायचं असतं. एका गाडीला खांब ओलांडायला १२ सेकंद आणि १८० मीटरचा फलाट ओलांडायला २१ सेकंद लागले. लांबी क्ष मीटर, वेग य मी/से: क्ष = १२य आणि क्ष + १८० = २१य. वजा केलं की ९य = १८०, य = २० मी/से, क्ष = २४० मीटर. बारा डब्यांची लोकल सुमारे अडीचशे मीटरची असते, तेव्हा उत्तर पटण्यासारखं आहे. "गाडी पूर्णपणे पुलावर किती वेळ होती" असं विचारलं तर मात्र पुलाच्या लांबीतून गाडीची लांबी वजा करायची. तो एक शब्द, "पूर्णपणे", नजरेतून निसटतो.

मी/से चे किमी/तास करताना ५/१८ ने गुणायचं की १८/५ ने, यावर अडत असाल तर पाठांतर सोडा. १ किमी/तास म्हणजे ३६०० सेकंदांत १००० मीटर, म्हणजे १०००/३६०० = ५/१८ मी/से. त्याच वेगाचा मी/से मधला आकडा नेहमी लहान असतो. २० मी/से = ७२ किमी/तास ही जोडी लक्षात ठेवली तरी दिशा चुकत नाही.

बोट आणि प्रवाहाच्या उदाहरणात दोन चलं लागतात. संथ पाण्यातला बोटीचा वेग ताशी क्ष किमी, प्रवाहाचा वेग ताशी य किमी. प्रवाहाच्या दिशेने (क्ष + य), विरुद्ध दिशेने (क्ष − य). समजा, एक बोट १२ किमी प्रवाहाविरुद्ध आणि ३० किमी प्रवाहाबरोबर ५ तासांत जाते. २४ किमी विरुद्ध आणि २० किमी बरोबर ६ तासांत जाते. समीकरणं: १२/(क्ष − य) + ३०/(क्ष + य) = ५ आणि २४/(क्ष − य) + २०/(क्ष + य) = ६. इथे छेद काढायला जाऊ नका, वर्ग येतील आणि अडकाल. १/(क्ष − य) ला म आणि १/(क्ष + य) ला न म्हणा. १२म + ३०न = ५, २४म + २०न = ६. पहिलं दुप्पट करून त्यातून दुसरं वजा केलं की ४०न = ४, न = १/१०, म = १/६. आता पुष्कळजण म आणि न हेच उत्तर समजून थांबतात, किंवा क्ष + य = १/१० असं लिहितात. उलटं करायचं राहतं: क्ष + य = १०, क्ष − य = ६, म्हणून क्ष = ८, य = २. क्ष हा य पेक्षा मोठाच यायला हवा. तसा आला नाही तर ती बोट प्रवाहाविरुद्ध जाऊच शकणार नाही. कुठेतरी चिन्ह चुकलंय. आणि हे गणित नदीचंच ठेवा. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या खाडीत भरती-ओहोटीमुळे साधारण सहा तासांनी प्रवाहाची दिशाच उलटते, त्यामुळे पाच-सहा तासांच्या प्रवासात य एकच धरता येत नाही.

वेग बदलण्याच्या उदाहरणांत भाषा नीट वाचावी लागते. "वेग १/४ ने कमी केला" म्हणजे ३/४ उरला. "वेग १/४ केला" म्हणजे १/४ उरला. एकजण नेहमीच्या ३/४ वेगाने निघाला आणि २० मिनिटं उशिरा पोहोचला. नेहमीचा वेळ किती? वेगही दिला नाही, अंतरही नाही, म्हणून घाबरायला होतं. वेग य मानून लिहून टाका. नेहमीचा वेळ क्ष मिनिटं: य × क्ष = (३/४)य × (क्ष + २०). दोन्हीकडचा य जातो, ४क्ष = ३क्ष + ६०, क्ष = ६० मिनिटं. ज्याची किंमत दिलेली नाही आणि विचारलेलीही नाही, असं अक्षर मांडायला संकोच करू नका. ते पुढच्या ओळीत निघून जातं. इथे मिनिटांचे तास केले नाहीत तरी चाललं, कारण वेळेचं एकक दोन्ही बाजूंना एकच आहे.

वर्गसमीकरण येतं ते बहुधा या साच्यात: २४० किमीच्या प्रवासात वेग ताशी १२ किमीने वाढवला असता तर १ तास कमी लागला असता. मूळ वेग क्ष. २४०/क्ष − २४०/(क्ष + १२) = १. जास्त वेळातून कमी वेळ वजा करायचा, आणि जास्त वेळ कमी वेगाचा. ही वजाबाकी उलटी लिहिली तर क्ष² + १२क्ष + २८८० = ० येतं, त्याचा विवेचक ऋण असतो आणि उकलच मिळत नाही. तेव्हा अशा उदाहरणात विवेचक ऋण आला की सगळ्यात आधी ही वजाबाकी तपासा. नीट लिहिलं तर २८८० = क्ष² + १२क्ष. अवयव शोधताना २८८० च्या सगळ्या जोड्या लिहीत बसण्यापेक्षा वर्ग पूर्ण करा: दोन्हीकडे ३६ मिळवले की (क्ष + ६)² = २९१६ = ५४². क्ष = ४८ किंवा −६०. वेग ऋण नसतो म्हणून −६० सोडायचा, आणि तो का सोडला ते उत्तरपत्रिकेत एका ओळीत लिहायचं. पण तो आकडा योगायोगाने आलेला नाही. प्रश्न उलटा विचारला असता, "वेग १२ ने कमी केला असता तर १ तास जास्त लागला असता", तर धन उत्तर ६० आलं असतं आणि ऋण −४८. सोडलेल्या मुळाचं चिन्ह बदललं की दुसऱ्या परिस्थितीतला वेग मिळतो, हा जाता जाता होणारा चांगला ताळा आहे: ४८ ला ५ तास, ६० ला ४ तास.

मध्येच बिघाड झाला, वेग वाढवला आणि वेळेवर पोहोचले, अशा उदाहरणात सगळ्या प्रवासाचं समीकरण मांडलं की ते लांबत जातं. बस २५० किमी जायची होती. २ तासांनी बंद पडली, अर्धा तास दुरुस्तीत गेला, मग वेग ताशी १० किमीने वाढवल्यामुळे ठरल्या वेळी पोहोचली. पहिले दोन तास दोन्ही परिस्थितींत सारखेच गेले, त्यांना समीकरणात आणायचंच कशाला? मूळ वेग ताशी क्ष किमी मानला तर उरलेलं अंतर (२५० − २क्ष). त्यात वाचवलेला वेळ म्हणजे दुरुस्तीत गेलेला वेळ: (२५० − २क्ष)/क्ष − (२५० − २क्ष)/(क्ष + १०) = १/२. म्हणजे २०(२५० − २क्ष) = क्ष(क्ष + १०), क्ष² + ५०क्ष − ५००० = ०, (क्ष + १००)(क्ष − ५०) = ०, क्ष = ५०. ताळा समीकरणात घालून करू नका. समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर तिथे चुकीचं उत्तरही बरोबर बसतं. मूळ वाक्यांवर करा: २ तासांत १००, उरले १५०, त्यांना एरवी ३ तास, आता अडीच. अर्धा तास वाचला.

कधी कधी तक्त्यात एकही वेग किंवा अंतर नसतं. दोघे दोन गावांहून एकाच वेळी एकमेकांकडे निघाले. भेटल्यानंतर एकाला पोहोचायला ४ तास लागले, दुसऱ्याला ९. वेगांचं गुणोत्तर? भेटीपर्यंत क्ष तास गेले असं मानू. पहिल्याने भेटीनंतर ४ तासांत कापलेला रस्ता तोच आहे, जो दुसऱ्याने भेटीआधी क्ष तासांत कापला होता. म्हणून वेगांचं गुणोत्तर क्ष/४. दुसऱ्या तुकड्यासाठी हाच विचार केला तर ९/क्ष. क्ष² = ३६, क्ष = ६, गुणोत्तर ३ : २.

आणि जिथे वेळही नाही, वेगही नाही, असं एक सुंदर उदाहरण भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे. ९ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या बुंध्याशी सापाचं बीळ आहे. खांबाच्या तिप्पट अंतरावरून, म्हणजे २७ हातांवरून, साप बिळाकडे येताना मोराला दिसला आणि मोराने तिरकी झेप घेतली. दोघांची गती सारखी. बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? रकाने आखा. वेग दोघांचा एकच, वेळही एकच, कारण झेप घेतल्यापासून गाठ पडेपर्यंतचाच काळ मोजायचाय. दोन रकाने सारखे म्हणजे तिसराही सारखा: मोराचं अंतर = सापाचं अंतर. बिळापासून क्ष हातांवर गाठ पडली तर साप (२७ − क्ष) हात चालला, आणि मोर ९ आणि क्ष बाजूंच्या काटकोन त्रिकोणाच्या कर्णावरून आला. ८१ + क्ष² = (२७ − क्ष)² = ७२९ − ५४क्ष + क्ष². दोन्हीकडचे वर्ग जातात, ५४क्ष = ६४८, क्ष = १२ हात. साप २७ − १२ = १५ हात चालला; मोराचा कर्ण ८१ + १४४ = २२५ चं वर्गमूळ, म्हणजे तोही १५ हात.